रात्रीचं फूल आणि फळं काढणाऱ्या बायका

पावसाळ्यात कुणाच्या अंगणात ब्रह्मकमळ उमलायला लागलं की शेजारपाजारच्या सगळ्यांना हाक जाते. रात्री नऊ-दहाला पाकळ्या उघडतात, कुणी हळद-कुंकू वाहतं, कुणी फोटो काढतं आणि सकाळी फूल मान टाकतं. हे झाड आपल्या देशातलं नाही, हे गटाच्या बैठकीत सांगितलं तेव्हा बऱ्याच जणींना खरं वाटलं नाही. खरं ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर येतं, ते वेगळं. आपल्या कुंडीतलं हे निवडुंगाच्या कुळातलं, मेक्सिकोच्या बाजूकडून जगभर गेलेलं. फड्या निवडुंग आपल्या बांधावर इतका रुळलाय की तो इथलाच वाटतो, पण तोही अमेरिका खंडातूनच आलाय. उलट आपला त्रिधारी निवडुंग आणि शेर हे निवडुंगाच्या कुळातले नाहीतच. मोडले की पांढरा चीक येतो, ती त्यांची ओळख.

आज मात्र ब्रह्मकमळाच्या एका थोराड नातलगाबद्दल बोलायचं आहे. खांबासारखे सरळ उभे वाढणारे निवडुंग असतात. त्यांतल्या पुष्कळांची फुलं रात्रीच उमलतात. युरोपातल्या अभ्यासकांनी त्या सगळ्यांना एकाच नावाखाली घातलं होतं, सेरेअस. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ मेणबत्ती. उभी, सरळ, म्हणून मेणबत्ती. पुढे त्यांचे कितीतरी गट पाडले गेले. त्यातल्या सर्वांत नावाजलेल्या झाडाचं नाव सवारो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधे ‘ग’ दिसतो, पण म्हणताना सवारो. हे झाड उगवतं अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात आणि त्याला लागून असलेल्या मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात. त्या वाळवंटाचं नावही सोनोराचंच.

झाड केवढं, ते आधी सांगतो. चाळीस-पन्नास फूट उंच, म्हणजे चार मजली इमारतीएवढं. पाण्यानं भरलेलं असताना वजन पाच-सहा टनांपर्यंत. वय दीडशे ते दोनशे वर्षं. आणि सुरुवात बघा कशी. पहिल्या आठ-दहा वर्षांत रोपटं जेमतेम बोटाच्या एका पेराएवढं होतं. पहिलं फूल यायला पस्तीसएक वर्षं लागतात. आपण चित्रात बघतो ते वर वळलेले हात फुटायला पन्नास ते सत्तर वर्षं, कोरड्या जागी त्याहूनही जास्त. म्हणजे आजीनं पाहिलेल्या रोपाला नातीच्या हयातीत फांदी फुटायची. फळात दोनेक हजार बारीक काळ्या बिया असतात, पण एवढ्या बियांतून एखादं झाड उभं राहिलं तरी नशीब. ते एखादं रोपही उघड्यावर जगत नाही. पालोवर्दे, मेस्किट अशा काटेरी झाडांच्या सावलीत ते लहानपण काढतं. त्या झाडांना तिकडे दाई-झाडंच म्हणतात.

आता त्या मातीतली माणसं. त्यांचं नाव तोहोनो ओधाम, म्हणजे वाळवंटातले लोक. बाहेरच्यांनी त्यांना पापागो म्हटलं आणि सरकारी कागदांत तेच नाव शेकडो वर्षं चाललं. १९८६ मध्ये त्यांनी ते अधिकृतपणे बदलून आपलं नाव परत घेतलं. त्या भागात पाऊस आपल्या माण-आटपाडीपेक्षाही कमी. टूसान हे तिथलं मोठं शहर, तिथे वर्षाला तीनशे मिलिमीटरच्या आसपास. त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टच्या वळवासारख्या पावसात पडतो. त्या पावसाला तिकडेही मान्सूनच म्हणतात.

आणि पावसाच्या तोंडावर, जूनच्या शेवटाला, बाकी सगळं रान वाळून कोळ झालेलं असताना सवारोची फळं पिकतात. ओधाम लोकांचं नवं वर्ष तिथून सुरू होतं. आपला पाडवा चैत्रात, त्यांचा या फळांवर. धान्याच्या कणग्या रिकाम्या व्हायच्या त्याच दिवसांत वाळवंटाच्या डोक्यावर गोड लाल गर तयार व्हायचा.

फळं काढणं हे मुख्यतः बायकांचं काम. गावातली घरं उठून सवारोच्या रानात जायची आणि तिथे काही आठवडे मुक्काम पडायचा. कुणाचं कुटुंब कुठल्या ठिकाणी उतरणार हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. चाळीस फुटांवरचं फळ काढायचं कसं? आपल्याकडे आंबे काढायला झेला असतो ना, तशी लांब काठी, फक्त जाळी नाही. ही काठी कशाची? मेलेल्या सवारोचीच. झाड मेलं की गर कुजून जातो आणि आत लाकडाच्या उभ्या फासळ्या उरतात. अशा दोन फासळ्या एकाला एक बांधायच्या आणि टोकाला आडवी लहान काडी. त्या काडीनं फळ ओढायचं किंवा ढकलायचं. या काठीला त्यांच्या भाषेत कुइपड म्हणतात. मेलेल्या झाडाच्या हाडांनी जिवंत झाडाचं फळ काढायचं.

फळ खाली पडलं की चाकूही लागत नाही. टोकाला वाळलेलं फूल चिकटलेलं असतं, ते इतकं कडक की त्यानंच साल चिरायची आणि अंगठ्यानं गर काढायचा. पहिलं फळ नुसतं खाऊन टाकायचं नाही. थोडा गर छातीशी लावायचा, आभार मानायचे. गर काढला की रिकामी साल फेकून द्यायची नाही, ती जमिनीवर लाल बाजू वर करून ठेवायची. आभाळाला दिसावी म्हणून. पाऊस मागायची ही त्यांची रीत. एकदा कल्पना करून बघा. रखरखीत पिवळं रान आणि झाडाझाडाखाली आभाळाकडे तोंड केलेल्या लाल वाट्या.

मग पुढचं काम. गर पाण्यात भिजवायचा, चुलीवर शिजवायचा, टोपलीतून गाळायचा. बिया आणि चोथा वेगळा. बिया वाळवून, भाजून, दळून खायच्या. गाळलेलं पाणी पुन्हा तासन्‌तास आटवायचं आणि घट्ट पाक करायचा. आपली काकवी डोळ्यांसमोर आणा, रंगही तसाच. जूनच्या उन्हात, चुलीच्या धगीत, दिवसभर ढवळत बसायचं. ज्यांनी गुऱ्हाळावर काम केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

या पाकातला एक भाग घरी वर्षभरासाठी ठेवायचा आणि एक भाग गावाला द्यायचा. प्रत्येक घरचं मडकं गावाच्या गोल घरात जायचं. तिथे पाक पाण्यात मिसळून, दोन रात्री आंबवून त्याची सौम्य दारू करायची. बाहेर रात्रभर पावसाची गाणी आणि नाच. मग सगळ्यांनी मिळून ती प्यायची, पोट भरून सांडेपर्यंत. भावना अशी की आपण जसे भिजलो तशी जमीन भिजावी. त्यानंतर पाऊस यायचा, ओढ्यांच्या मुखाशी लोंढा पसरायचा आणि त्या ओलीवर मका, भोपळा, तेपारी नावाच्या घेवड्याची पेरणी व्हायची.

दारूचं नाव काढलं की आमच्यातल्या निम्म्या जणींच्या कपाळाला आठी पडते. आम्ही गावागावांत बाटली आडवी करण्यासाठी मतदान घडवलेल्या बायका. पण हे गुत्त्यावरचं प्रकरण नाही. ही वर्षातून एकदा, सगळ्या घरांच्या वर्गणीतून होणारी, साठवता न येणारी, पावसासाठीची गोष्ट. ती दोन दिवसांत संपलीच पाहिजे, नाहीतर आंबून जाते. अमेरिकेच्या कायद्यानं मात्र हा फरक केला नाही. आदिवासींना दारू विकायला तिथे १९५३ पर्यंत देशभर बंदी होती आणि वस्तीत दारू बाळगणंही त्याच नजरेनं पाहिलं जायचं. आपल्या गडचिरोलीकडच्या बायका मोहफुलांचं काय झालं ते जाणतात. रात्री उमलून पहाटे गळणारं फूल वेचायचं बाईनं, त्याची भाकर, राब, औषध करायचं बाईनं आणि सरकारी नोंदीत ते दिसणार फक्त दारूचा कच्चा माल म्हणून. साठवणुकीवर कितीतरी वर्षं बंधनं.

हे सगळं आपल्याला तपशिलानं कळतं ते एका बाईमुळे. तिचं नाव मारिया चोना. ओधाम गावच्या प्रमुखाची मुलगी, टोपल्या विणणारी. नवऱ्यानं दुसरी बायको आणली म्हणून घर सोडून निघालेली. १९३० नंतरच्या काही वर्षांत, वयाच्या नव्वदीच्या आसपास, तिनं आपलं आयुष्य रूथ अंडरहिल या अभ्यासक बाईंना सांगितलं. अंडरहिलबाई स्वतः पन्नाशीला टेकलेल्या, उशिरा शिकायला लागलेल्या. ते पुस्तक १९३६ मध्ये छापलं गेलं. लहानपणी सवारोच्या मुक्कामावर जाणं, पावसाची दारू, रात्रीची गाणी, सगळं त्यात आहे. चोनाला लिहिता येत नव्हतं. तिला एक-एक ठिकाण, एक-एक टोपली आठवत होती.

झाडाची लेखी गोष्ट याच्या अगदी उलट. १८४८ मध्ये सेंट लुई शहरातल्या जॉर्ज एंगेलमन या डॉक्टरांनी लष्करी तुकडीनं पाठवलेल्या माहितीवरून या झाडाला शास्त्रीय नाव दिलं, सेरेअस जायगँटिअस. राक्षसी मेणबत्ती म्हणा. १९०८ मध्ये ब्रिटन आणि रोझ या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला वेगळं काढून नवं नाव दिलं, कार्नेगिया. अँड्र्यू कार्नेगी हे पोलादाच्या धंद्यातले कोट्यधीश. त्यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या संस्थेनं टूसानजवळच्या तुमामोक टेकडीवर १९०३ मध्ये वाळवंटाची प्रयोगशाळा काढली होती आणि निवडुंगांच्या अभ्यासाला पैसा दिला होता. ओधाम भाषेत या झाडाला हाशन म्हणतात. हजारो वर्षं ज्या बायांनी त्याचं फळ खाल्लं त्यांच्या तोंडचं नाव एकीकडे आणि ज्यानं पैसे दिले त्याचं नाव पुस्तकात. कार्नेगीसाहेबांशी आमचं वैर नाही, ग्रंथालयं त्यांनी ढिगानं बांधली. पण कर्ज देणाऱ्याचं नाव गटाला द्यायचं म्हटलं तर आमच्या बायका काय म्हणतील, तेही आम्हाला माहीत आहे.

त्या प्रयोगशाळेतही बायका होत्याच, हे मुद्दाम सांगायला हवं. एफी साउथवर्थ या अमेरिकेच्या कृषी खात्यात १८८७ मध्ये पिकांच्या रोगांवर काम करायला लागलेल्या अगदी पहिल्या बाई. लग्नानंतरचं आडनाव स्पाल्डिंग. नवरा-बायको दोघंही तुमामोकवर आले. एफीबाईंनी सवारोच्या अंगाला माप लावलं. या झाडाच्या अंगावर उभ्या घड्या असतात. पाऊस पडला की मुळं पाणी ओढतात आणि घड्या उघडून बुंधा फुगतो. कोरड पडली की घड्या मिटून तो आक्रसतो. हार्मोनियमचा भाता जसा उघडतो-मिटतो तसा. हे त्यांनी मोजून १९०५ मध्ये प्रसिद्ध केलं. दुसऱ्या मेरी एमिली ईटन, इंग्लंडहून आलेल्या चित्रकार. ब्रिटन आणि रोझ यांच्या निवडुंगांवरच्या चार खंडांतली, १९१९ ते १९२३ मध्ये निघालेल्या, पुष्कळशी रंगीत चित्रं त्यांच्या हातची. फूल वाळलं की रंग गेला आणि रात्री उमललेल्या फुलाला दुसऱ्या संध्याकाळपर्यंत कोण थांबवणार? फूल ताजं असेपर्यंतच ब्रश चालवायचा. १९३२ मध्ये, मंदीच्या काळात, त्यांची न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानातली नोकरी संपली. पुस्तकं मात्र अजून ब्रिटन आणि रोझ यांचीच म्हणून ओळखली जातात.

आता फुलाकडे येऊ. एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत सवारोच्या शेंड्यावर आणि हातांच्या टोकांवर मेणचट पांढरी फुलं येतात. सूर्य मावळल्यावर काही वेळानं उमलतात. वास पिकलेल्या खरबुजासारखा. दुसऱ्या दिवशी दुपारी मिटतात ती कायमची. चोवीस तासही आयुष्य नाही. आणि स्वतःच्या परागावर फळ धरत नाही, दुसऱ्या झाडाचाच पराग लागतो. मग त्या अंधारात पराग नेणार कोण?

वटवाघूळ. आपल्याकडे वटवाघूळ घरात शिरलं की अपशकुन मानतात. पण हे लांब नाकाचं छोटं वटवाघूळ मधावर जगतं. त्याची जीभ लांब, टोकाला ब्रशसारखी. वसंतात मेक्सिकोच्या दक्षिणेकडून उत्तरेला येतात त्या बहुतेक माद्या, आणि त्याही गाभण. जसजसे निरनिराळे खांबनिवडुंग फुलत जातात तसतशा त्या मजल दरमजल वर सरकतात. ॲरिझोनातल्या गुहांत आणि जुन्या खाणींत मे महिन्यात पिल्लं होतात, नेमकी सवारो भरात असताना. बाळंतपणाला माहेरी यावं, आणि माहेरची कोठी भरलेली असावी. १९६२ मध्ये मॅकग्रेगर, ॲलकॉर्न आणि ओलिन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की वटवाघळं, पांढऱ्या पंखांची कबुतरं आणि मधमाश्या हे तिघंही सवारोचं परागीभवन करू शकतात. फूल सकाळीही उघडं असतं, म्हणून पाखरांना आणि माश्यांना वाव मिळतो. सवारोची ही हुशारीच म्हणायची, रात्रपाळी चुकली तर दिवसपाळी आहे.

त्याच्या भावंडांची तऱ्हा वेगळी. ऑर्गन पाइप नावाचा निवडुंग बुडापासूनच वीस-पंचवीस खांब घेऊन उठतो. त्याचं फूल अंधारात उमलतं आणि सकाळी उन्हं वर येईतो मिटायला लागतं. दिवसपाळीवर त्याचा भरवसा कमी. फळ मात्र सवारोपेक्षाही गोड. सेनिता नावाच्या निवडुंगाचं लहानसं गुलाबी फूल एका पतंगाच्या जिवावर जगतं. त्या पतंगाची मादी फुलात मुद्दाम पराग घालते आणि तिथेच अंडं देते. अळी काही फळं खाते, बाकीची झाडाला राहतात. सोनोरातला कार्दोन हा तर सवारोहून धिप्पाड. त्याच्या काही झाडांना फक्त मादी फुलं येतात, काहींना दोन्ही एकत्र. आणि आपल्या सांगली-सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांत लागलेलं ड्रॅगन फ्रूट हे खांबावर चढवलेलं असलं तरी वेलवर्गातलं, पण रात्री फुलणारं, याच कुळातलं. त्याच्या काही जातींना रात्री बॅटरी घेऊन, ब्रशनं पराग लावावा लागतो. तिकडे जे काम वटवाघूळ फुकट करतं, ते इथे कुणातरी बाईच्या झोपेतून वजा होतं.

या वटवाघळाला अमेरिकेनं १९८८ मध्ये धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत घातलं. तेव्हा मोजलेली संख्या हजाराच्याही आत होती. मेक्सिकोत लोक त्याला रक्त पिणारं वटवाघूळ समजून गुहाच पेटवून देत. दोन्ही देशांत गुहा राखल्या, लोकांना समजावलं, मोजणी सुधारली. २०१८ मध्ये ते यादीतून बाहेर आलं, तेव्हाचा अंदाज दोन लाखांचा होता.

पण जमीन कुणाची, हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. १८५३ च्या डिसेंबरात अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात करार झाला आणि १८५४ मध्ये एक कोटी डॉलरला तो प्रदेश अमेरिकेनं घेतला. ओधाम लोकांना कुणी विचारलं नाही. त्यांच्या मुलखाच्या मधून सीमारेषा गेली. १९१६ मध्ये त्यांच्यासाठी मोठी राखीव वसाहत ठरवली गेली, आज ती सुमारे अठ्ठावीस लाख एकरांची आहे. पण सवारोची कितीतरी रानं तिच्या बाहेर राहिली. १९३३ मध्ये टूसानच्या पूर्वेला सवारोंसाठी राष्ट्रीय स्मारक जाहीर झालं, १९६१ मध्ये शहराच्या पश्चिमेचा डोंगराळ भाग त्याला जोडला, १९९४ मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. झाड वाचावं म्हणून कुंपण घालायचं, हे चांगलंच. पण कुंपण पडलं की ज्यांचा मुक्काम तिथे पिढ्यान्‌पिढ्या पडत होता त्या बायका एका रात्रीत परक्या होतात. आज उद्यानाच्या पश्चिम भागात ओधाम कुटुंबं फळं काढतात, पण ती उद्यानाच्या संमतीनं. आपल्याकडे २००६ चा वनहक्क कायदा येईपर्यंत तेंदूपानं, हिरडा, डिंक गोळा करणाऱ्या बाईची अवस्था याहून निराळी नव्हती.

आणि कुंपणाच्या आत तरी काय झालं? १९३९ च्या सुमाराला पूर्वेकडच्या रानातली जुनी झाडं काळी पडून कोसळायला लागली. जिवाणूंचा रोग म्हणून बोभाटा झाला. रोगट झाडं तोडून पुरून टाकायचा प्रयोगही झाला. सवारो आता नामशेष होणार असं तज्ज्ञ लिहू लागले. पुढच्या काही दशकांत उलगडा झाला तो वेगळाच. १९३७ च्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली होती, तिनं म्हातारी झाडं आधीच मोडली होती, जिवाणू मागाहून आले. खरी काळजी दुसरीच होती. मेलेल्यांच्या जागी रोपं नव्हती. कारण त्या रानात वर्षानुवर्षं गुरं चरत होती आणि त्याआधी चुन्याच्या भट्ट्यांसाठी मेस्किटची झाडं सरपणाला गेली होती. दाई-झाडंच तोडली तर बाळ जगणार कुठे? चराई बंद झाल्यावर हळूहळू रोपं पुन्हा दिसायला लागली. पण बोटाच्या पेराएवढं रोप दिसायला गुडघ्यावर बसावं लागतं. वरून बघणाऱ्याला रान रिकामंच वाटतं.

अलीकडची दोन-तीन वर्षं सांगतो आणि थांबतो. २०२० मध्ये सीमेवरच्या भिंतीसाठी ऑर्गन पाइप स्मारकाच्या राखीव रानात बुलडोझर फिरले आणि सवारो आडवे पडलेले फोटो जगानं पाहिले. ॲरिझोनात एखाद्यानं आपल्या वावरातला सवारो हलवायचा म्हटलं तरी कागदपत्रं लागतात, इथे ती आड आली नाहीत. ओधाम लोकांच्या गोष्टींत सवारो हा मुळात माणूसच आहे. २०२१ मध्ये त्यांच्या विधिमंडळानं ठराव करून सवारोला व्यक्तीचा दर्जा दिला.

२०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्स शहरात सलग एकतीस दिवस पारा त्रेचाळीस अंशांच्या वर गेला. त्या दिवसांत सवारोंचे हात गळून पडले, काही झाडं आतून कुजून कोसळली. दिवसाचं ऊन सवारोला नवं नाही. पण हे झाड श्वासही रात्रीच घेतं. पाणी उडून जाऊ नये म्हणून दिवसा अंगावरची छिद्रं बंद ठेवतं आणि गारवा पडला की उघडतं. शहरातल्या सिमेंट-डांबरानं रात्रही तापलेली राहिली आणि त्याला छिद्रं उघडायला वेळ मिळेना. शहराबाहेरच्या रानात रात्री अजून थोड्या गार होतात. तिथे जूनच्या शेवटी बायका पहाटे उठून, उन्हं चढायच्या आत, कुइपड खांद्यावर घेऊन निघतात. काठीचा दोर जुना झालेला असतो, तो आधी आवळून बांधावा लागतो.